तुझ्या खुर्चीत बसून

४ मार्च

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर आले. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरताच पेन धरलाय मी. तेव्हा नावं ठेवू नकोस.

तुझ्या पोराचा फोन आला होता. "मावशी, आईला कायमची माझ्याकडे घेऊन जातोय. महिनाअखेरचा रविवार." म्हणजे विमानात बसून समुद्रापलीकडे जाणार, परत यायचं नाही, आणि बहिणीला ते कळणार पोराच्या तोंडून. बरं. त्यावर भांडायला बसले नाही. तू जाण्याआधी माझ्याशी बोलावंस, एवढ्यासाठी लिहितेय. कसं बोलायचं ते मला आता कळलंय, म्हणून लिहितेय.

मी हल्ली विद्यापीठात असते. हसू नकोस. शिकवायला नाही, खुर्च्या मांडायला. शिवणकाम खांद्यामुळे सुटलं. खांद्याचं काय झालं ते राहू दे. तर इथे एक विभाग आहे, तिथली माणसं पगार घेऊन नुसता विचार करतात. कशाचा? फाशी असावी की नसावी. आईबापांनी केलेलं मुलांनी फेडायचं असतं का. लोकांना झोंबेल असं पुस्तक छापू द्यावं का. ज्यावरून आपल्याकडे घरं फुटतात, त्यावर ही माणसं दर शुक्रवारी बसतात, तावातावाने भांडतात आणि जाताना एकमेकांची छत्री शोधून देतात.

माझं काम सोपं. पुढे दोन खुर्च्या समोरासमोर, बाकीच्या अर्धगोल. पाण्याचा जग, पेले, फळा पुसलेला. मध्ये चहा. पहिल्याच शुक्रवारी मी घोळ घातला. समोरच्या खुर्च्यांत दोघं बसली होती. एक काठीवाल्या बाई, पांढरे आखूड केस, आवाज खणखणीत. दुसरे दाढीवाले सर. फाशीवर चाललं होतं. सर म्हणत होते असावी, बाई म्हणत होत्या नसावी. चहाच्या वेळी सगळे बाहेर गेले. मी पेले उचलायला आले तर बघते, सरांचे कागद बाईंच्या खुर्चीवर आणि बाईंचा चष्मा सरांच्या. म्हटलं, शिकलेली माणसं, विसरभोळी. सगळं उचलून जिथल्या तिथे ठेवलं.

चहा पिऊन दोघं आली. सर आपले कागद बघून बसले आणि पुन्हा आपलंच सुरू केलं. बाईंनी काठी आपटली.

"अहो, उठा! ही तुमची खुर्ची नाही."

"माझे कागद इथे आहेत."

"कागद इथे आहेत, पण तुम्ही आता तिथे आहात!"

"मी इथे आहे हे तर मला दिसतंय!"

सगळा हॉल हसायला लागला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मीच आवरलं. पसारा होता." बाई म्हणाल्या, "पसारा नव्हता हो. ती आमची रीत आहे."

रीत अशी. चहानंतर दोघांनी खुर्च्या बदलायच्या. समोरच्याच्या खुर्चीत बसून समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं. "ते असं म्हणतात" असं नाही, "मी असं म्हणते" म्हणून सांगायचं. त्याने ऐकायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपल्या खुर्चीत परत येऊन आपलं बोलायची मुभा. "बरंचसं जमलं" असलं चालत नाही. हो म्हणजे हो.

मी विचारलं, "आणि तो हो म्हणालाच नाही तर?"

"मग बसून राहायचं," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, रिकामटेकड्यांचे खेळ. जग घेऊन मागे उभी राहिले. मग बाई सरांच्या खुर्चीत बसून बोलायला लागल्या. धाकटे, या बाईंना फाशी नको, अर्धं आयुष्य त्यासाठी झगडल्यात. आणि त्या फाशीच्या बाजूने बोलल्या. म्हणाल्या, ज्या घरातलं माणूस मारलं गेलं त्या घराला आपण सांगतो की राग गिळा, आणि आपल्याला आपण दयाळू वाटतो. ही दया दुसऱ्याच्या जिवावरची. असं बरंच. सगळं मला कळलं नाही. पण नाटक नव्हतं ते, टोमणाही नव्हता. दुसरीचं तान्हं मांडीवर घेतो तेव्हा मानेखाली हात घालून घेतो ना, तसं त्या सरांचं म्हणणं हातात धरून बसल्या होत्या. आपलं नाही ते. पण पडता कामा नये.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हो. हेच. मला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं."

माझ्या अंगावर काटा आला. डोंगर पाहून येतो तसा. माणसाला हे करता येतं, हे मला या वयात कळलं.

तेव्हा ऐक. मी तुझ्या खुर्चीत बसतेय. संपाच्या त्या सकाळी तू कारखान्यात कामावर गेलीस आणि आम्ही सगळ्या बाहेर होतो, त्याचं तुझं म्हणणं मी सांगते. बरोबर असेल तर हो म्हण.

मी धाकटी बोलतेय. मी घाबरले. मालक म्हणाला होता, जो येणार नाही त्याला पुन्हा घेणार नाही. मी पहिल्यापासून भित्री. म्हणून आत गेले.

कळव.

थोरली


१२ मार्च

धाकटे,

माझंच पत्र परत पाठवलंस, खाली एक शब्द लिहून. "नाही." सही नाही, बरी आहेस का नाही, काही नाही. मी दोन दिवस पत्र लिहायला घेतले आणि तू एका शब्दात निकाल लावलास.

माझं डोकं फिरलं. काठीवाल्या बाई खोलीत कागद तपासत होत्या, तिथेच गेले.

"बाई, समोरचा नाही म्हणाला तर चिडायचं का?"

"चिडायचं की. मी तर फार चिडते. फक्त खुर्चीतून उठायचं नाही."

दाढीवाले सर कोपऱ्यात पुस्तक शोधत होते. म्हणाले, "यांनी मला एका मुद्द्यावर सगळा उन्हाळा बसवून ठेवलं होतं."

"आणि पावसाळ्यात तुम्हाला जमलं."

"तुम्ही दमलात म्हणून हो म्हणालात."

"मी? दमले? तो मुद्दा पुन्हा काढू का?"

"नको, नको," सर पुस्तक न घेताच पळाले. बाई कितीतरी वेळ हसत होत्या. मग मला म्हणाल्या, "कुणासाठी विचारताय?" मी म्हटलं, बहिणीसाठी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हे मला फार आवडलं. आपल्याकडे विचारलं असतं.

खरं सांगू? मला ही माणसं कळत नाहीत. इतक्या मोठ्या गोष्टींवर त्यांचं जन्मात पटायचं नाही, आणि तरी समोरचा काय म्हणतो याची त्यांना स्वतःच्या म्हणण्याइतकी काळजी. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसा माझा आवाज त्या हॉलमध्ये खाली येतो. माझा! तुला खरं वाटायचं नाही.

आता पुन्हा बसते. ती सकाळ सगळी आठवून बसते, म्हणजे चुकायला नको. कारखान्याच्या गेटासमोर आम्ही सगळ्याजणी. शिवणाऱ्या, कापणाऱ्या, इस्त्रीवाल्या. पोलिसांनी दोरी बांधली होती. दोरीच्या एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला भिंतीलगत अरुंद वाट, कुणाला आत जायचंच असेल तर. तोवर कुणी आत गेलं नव्हतं. आणि कोपऱ्यावरून तू आलीस. डबा हातात. मान खाली नाही, वरही नाही. मी तेव्हा मागून निघून सगळ्यांत पुढे दोरीपाशी आले. तू माझ्या मागून गेलीस. तुझ्या चपलेचा आवाज ऐकला मी. एवढंच.

मी धाकटी बोलतेय. घरी दोन लहान मुलं. नवरा कामासाठी दूरगावी, पैसे पाठवेल तेव्हा पाठवेल. संप किती चालेल कुणी सांगावं? थोरलीला काय, ती एकटी. पोरांच्या तोंडाकडे बघून मी मन घट्ट केलं आणि आत गेले. कुणी मला दोष देऊ नये.

हे तरी हो असेल. यात तुला मी किती समजून घेतलंय बघ.

थोरली


१६ मार्च

धाकटे,

पुन्हा "नाही." आणि खाली, "मुलांना मध्ये आणू नकोस. माझी दया करू नकोस."

दया करू नकोस! मी पत्र टेबलावर आपटलं. म्हटलं जाऊ दे, जाऊ दे समुद्रापलीकडे. बसलीये इथे कोण हिच्या खुर्चीत. आणि काल शुक्रवार होता. आता काल काय झालं ते सांगते, आणि मला वेड लागलंय असं वाटलं तर वाटू दे.

फळ्यावर कालचा विषय मीच वाचला. "सगळे काम थांबवतात तेव्हा आत जाणारा चुकतो का?" मी पुन्हा वाचला. खुर्ची धरली. इथे कुणाला आपलं काही ठाऊक नाही, मी कधी बोललेच नाही. हा त्यांचा नेहमीचा विषय, पुस्तकांतला. दुसऱ्या कुठल्या देशातल्या कुठल्या कुठल्या संपांची नावं घेत होते. आणि मला वाटत होतं की आपल्या स्वयंपाकघरातलं भांडण कुणीतरी उचलून या मोठ्या दिव्याखाली आणून ठेवलंय.

सर संपाच्या बाजूचे. म्हणाले, गरिबाकडे एकच गोष्ट असते, एकमेकांचा हात. जो हात सोडतो तो सगळ्यांचा हात कमजोर करतो, त्याचं कारण कितीही चांगलं असो. मी मागून मान हलवत होते. बाई दुसऱ्या बाजूच्या. मग चहा झाला, खुर्च्या बदलल्या. कागदांना मी हात लावला नाही.

सर बाईंच्या खुर्चीत बसून म्हणाले, "माझ्या घरी चूल पेटत नसेल तर मला तत्त्वं परवडत नाहीत. म्हणून मी आत जाते. मला दोष देऊ नका."

बाई म्हणाल्या, "नाही. तुम्ही त्या बाईची दया करताय. मी तिची दया करत नव्हते."

धाकटे, तुझेच शब्द! तू लिहिलेले, या बाईंच्या तोंडून.

सर पुन्हा म्हणाले, "माझे हात माझे आहेत. बाकीच्यांनी बहुमताने ठरवलं म्हणून ते बांधले जात नाहीत."

"जवळ आलात," बाई म्हणाल्या. "पण ही अजून एकटी आहे. माझी बाई एकटी नाही."

सर दाढी खाजवत बसले. कुणी घाई केली नाही. एवढे शिकलेले सर, पोरंटोरं समोर बसलेली, आणि ते सगळ्यांदेखत अडून बसलेत आणि त्यांना त्याची लाज नाही. मला हे फार मोठं वाटलं. मग ते हळूहळू म्हणाले, शोधत शोधत, अंधारात बटण चाचपावं तसं.

"मी साथ सोडलेली नाही. आपली माणसं कोण, याची रेघ कुठे ओढायची यावर माझं आणि तुमचं पटत नाही, इतकंच. तुम्ही रेघ इथे ओढता. मी आणखी पलीकडे ओढते. तुम्ही ज्यांना परकं म्हणता ती माणसंही माझ्या रेघेच्या आत आहेत. तुम्हाला वाटतं मी साथ सोडून आत गेले. मी साथ द्यायलाच आत गेले."

बाई म्हणाल्या, "हो. हेच."

आणि मी पेल्यात पाणी ओतत होते ती ओततच राहिले. पेला भरला, टेबलावर आलं, सरांच्या कागदांवर गेलं. "अहो बाई, पुरे, पुरे!" सर ओरडले. मी फडकं आणायला पळाले आणि मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले. रडले नाही.

मला ती दिसली. तुझ्या शेजारच्या मशीनवरची. मी तिला पार विसरले होते.

मी धाकटी बोलतेय. मी भित्री नाही. पोरांसाठीही गेले नाही. थोरलीने माझ्या पोरांना उपाशी राहू दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती. मालकाने बाहेरून आणलेल्या बायकांतली. तिची भाषा मला अर्धी कळायची. कॉलर लावायला तिला मी शिकवलं, हातावर हात ठेवून. संपाची मागणी काय होती? बाहेरच्यांना काढा. मालकाने त्यांना आमच्यापेक्षा कमी पगारावर आणलं, हे मालकाचं पाप. शिक्षा आम्ही तिला देत होतो. तिलाही आमच्याइतकाच पगार द्या म्हणून संप असता, तर मी सगळ्यांत पुढे बसले असते. पण एका बाईला तिच्या मशीनवरून उठवण्यासाठी मी माझं मशीन थांबवणार नाही. म्हणून मी गेले. सगळ्या म्हणाल्या, मालकाला जाऊन मिळाली. मालकाकडे मी बघितलंही नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

हे लिहून झालं आणि मी पेन ठेवला. मग उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

धाकटे, तुझ्या वेण्या मी घातल्या. शाळेत जाताना कुठल्या रंगाची रिबन बांधू हे तू मला विचारायचीस. तुला भीती असेल, पोरं असतील, मालकाने काही कबूल केलं असेल, सगळं माझ्या मनात येऊन गेलं. तुला एक विचार असेल, हे आलंच नाही. तो कुठे मिळाला तुला? इथे ही माणसं भिंतभर पुस्तकं वाचून, चहा पिऊन, एकमेकांना टोचून टोचून तिथवर जातात. तू डबा हातात घेऊन एकटी गेलीस. त्या भिंतीलगत, सगळ्यांच्या शिव्यांमधून. कोण गं तू? मी कुणाला वाढवलं?

माझं काही म्हणणं आहे. पुष्कळ आहे. पण मी अजून तुझ्या खुर्चीत आहे. जीभ शिवशिवतेय, तरी एक शब्द लिहीत नाही.

थोरली


२६ मार्च

धाकटे,

"हो. हेच."

हॉलमध्ये खुर्च्यांच्या मधोमध उभी राहून वाचलं. मग बसले. कुठल्या खुर्चीत बसले ते बघितलं नाही. काठीवाल्या बाई दारातून डोकावल्या, माझ्या हातातला कागद बघितला आणि म्हणाल्या, "मिळालं?" मी मान हलवली. बाई आत आल्या नाहीत. काठीने दोनदा दार वाजवलं, शाबासकी दिल्यासारखं, आणि गेल्या. सरांनी त्या शुक्रवारी आपल्या खुर्चीत परत बसून पहिलं वाक्य काय म्हटलं होतं सांगू? "मला अजूनही वाटतं ती चुकते." सगळे हसले, बाई सगळ्यांत जास्त. मला तेच सगळ्यांत भारी वाटलं. माणूस दुसऱ्याच्या मनात पार आतपर्यंत जाऊन आला आणि स्वतःचं मन घेऊन परत आला. काही सांडलं नाही.

तर आता मी माझ्या खुर्चीत. मोकळी झाले. ऐक.

तू चुकलीस. मी अजूनही म्हणते. आमच्यातल्या कितीजणींना ती मागणी मनापासून पटली होती? मलाच घशात अडकली होती. बैठकीत तू तोंड उघडलं असतंस तर तुझ्यामागून आणखी चार तोंडं उघडली असती. एक माझं असतं. तू गुपचूप डबा उचलून गेलीस. मग ज्यांना शंका होती त्याही गप्प बसल्या, कारण बोललं तर तुझ्यातली ठरणार. बरोबर असून एकटीनेच बरोबर असण्यात काय मिळालं? कारखाना बंद पडला. तुझी ती शेजारीण गेली, तू गेलीस, मी गेले. आता यावर भांड. मला बघायचंय तू काय म्हणतेस ते. खरंच बघायचंय. पूर्वी मी विचारायचे ते तुला गप्प करायला.

आणि "हो, हेच"च्या खाली तू माझ्या खुर्चीत बसायचा प्रयत्न केलायस, तो वाचला. बरं वाटलं. रीत पटकन उचललीस. तू लिहिलंस ते असं:

"मी थोरली बोलतेय. माझा नवरा आजारी होता तेव्हा या बायकांनी माझ्या पाळ्या केल्या, त्याला उचलून दवाखान्यात नेलं. त्यांना सोडून मी आत जाणं शक्य नव्हतं, मागणी काहीही असो. आणि माझ्याच पाठच्या बहिणीने सगळ्यांदेखत मला मान खाली घालायला लावली. म्हणून ती आली तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांत पुढे गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं."

पहिला भाग वाचताना डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आजारपणाचं कुणी नाव काढत नाही आता.

पण नाही. अर्ध्याला हो मिळत नाही इथे.

इतकी वर्षं तू हे असं घेऊन बसली होतीस? म्हणून फोन उचलत नव्हतीस? म्हणून न सांगता समुद्र ओलांडायला निघालीस?

एक संधी आणखी देते. थोडी मदतही करते. माझी पाठ तुझ्याकडे होती, खरं आहे. मग तोंड कुणाकडे होतं? दोरीच्या आमच्या बाजूला माझ्यासमोर कोण उभ्या होत्या आणि रस्त्यावर खडी पडली होती, ती कुणाच्या हातात होती, ते आठव. नीट आठव. मला तोंड बघायचं नसतं तर मी मागेच राहिले असते, घोळक्यात. पुढे येऊन हात पसरून कशाला उभी राहिले असते? माझा डावा हात त्या दिवसापासून खांद्याच्या वर जात नाही. तुझ्या पोराला ठाऊक आहे, त्याला विचार. त्याला मीच सांगू दिलं नव्हतं.

पुढचं मी बोलणार नाही. ज्याचं म्हणणं असतं त्याने नुसतं ऐकायचं असतं.

तुझं विमान रविवारचं. शुक्रवार त्याच्या आधी येतो. संध्याकाळी सगळे गेले की हॉल रिकामा असतो. दोन खुर्च्या मी समोरासमोर तशाच ठेवते. दाराकडची माझी. ये, आणि तीत बस.

थोरली